उजनीच्या वरचं जंगल : सोलापूरहून भीमाशंकर

पावसाळ्यात सोलापूरकराला दोन आकडे कायम पाठ असतात, भीमेवरचं उजनी धरण किती टक्के भरलं आणि वरून दौंडला नदीचा विसर्ग किती. चहाच्या टपरीवर, भाजी मंडईत, लग्नाच्या पंगतीत, कुठंही विचारा, सांगतील. आमच्याकडं वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही त्याच्या मर्जीनं, त्यामुळं सगळी मदार वरच्या पावसावर. पण हे वर म्हणजे नेमकं कुठं, तिथं काय आहे, कोण राहतं, हे बघायला आपल्यातलं कोण जातं? देवदर्शनाला जातात, ते वेगळं.

आम्ही पण देवदर्शनाच्याच नावाखाली गेलो म्हणा. आईला भीमाशंकरचं ज्योतिर्लिंग करायचं होतं, मला शेकरू (मोठी खार) बघायचा होता आणि दोस्ताला नवीन गाडी घाटात चालवायची होती. श्रावणातली गर्दी ओसरू दिली आणि मग निघालो. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, सगळा डबा सोबत, कारण आईचा बाहेरच्या खाण्यावर विश्वास नाही.

टेंभुर्णी सोडल्यावर भीमानगरला हायवेवरूनच धरणाची भिंत दिसते. १९८० साली पूर्ण झालेलं हे धरण, पोटात एकूण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, पण त्यातलं ६३ टीएमसीच्या वर नुसता मृतसाठा, म्हणजे तळाचं, टक्केवारीत न धरलेलं पाणी, साठा त्याच्याही खाली गेला की मायनस, म्हणून तर ते मायनस-प्लसचं गणित. उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेली की सोलापुरात लोकांचे चेहरेच उतरतात. पुढं भिगवणला दोस्ताला माशांची थाळी खायची होती, आईनं गाडीतून उतरायलाच नकार दिला, देवाला चाललोय म्हणे, मग तो विषय परतीवर गेला. तिथून पुण्याचं ट्रॅफिक टाळायला आतल्या रस्त्यानं शिरूरकडून मंचर, मग घोडेगाव, आणि तिथून पुढं सगळा नजाराच बदलतो.

घोडेगावच्या पुढं डिंभे धरण लागतं, घोड नदीवरचं. रस्ता बराच वेळ बॅकवॉटरच्या कडेनं जातो. हे धरण कुकडी प्रकल्पातलं, आणि त्या कुकडीच्या कालव्याचं शेवटचं टोक कुठं माहितीये का, आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यात! टेलला पाणी पोचत नाही म्हणून करमाळ्यात दरवर्षी बोंब असते ते हेच पाणी. आणि याच खोऱ्यात आत माळीण आहे. ३० जुलै २०१४ ला सकाळी अख्खा डोंगर खाली आला, दीडशेच्या वर माणसं गेली. पाऊस तुफान होता हे खरंच, पण डोंगरउतारावर जमीन सपाट करायच्या कामांकडंही तेव्हा बोट दाखवलं गेलं, त्यावर वादही झाले. आई तेवढा वेळ काही बोलली नाही, नुसती खिडकीतून डोंगर बघत बसली.

वर पोचलो तर धुकं. म्हणजे पार्किंगमधनं पुढची गाडी दिसत नव्हती. दोस्त म्हणे, "आरं काय दिसना की बे, एवढ्या लांब येऊन!" दर्शन झालं, शिखर नाना फडणवीसांच्या काळातलं, बाहेर ती मोठी घंटा आहे, चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आलेली. देवळाबद्दल जास्त लिहीत नाही, बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दुकानं आणि त्या दुकानांच्या मागं उतारावर प्लास्टिकचा जो थर आहे त्याबद्दल मात्र कुणी लिहीत नाही. रेनकोटसुद्धा एकदा घालून फेकलेले. हे सगळं अभयारण्याच्या आत चाललंय बरं का, १९८५ पासून हे अभयारण्य आहे, १३० चौरस किलोमीटरचं, पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथलेच एक मामा सोबत घेतले, महादेव कोळी समाजाचे, साठीच्या आसपासचे, पायात रबरी चप्पल आणि चाल अशी की आम्ही मागं धापा टाकतोय. गुप्त भीमाशंकरच्या वाटेला लागलो आणि दहा मिनिटांत देवळाचा गोंगाट गायब. आत अंधारच. अंजनी, जांभूळ, पिसा ही इथली मुख्य झाडं, मामांनी एकेकाला हात लावून ओळख करून दिली. झाडं फार उंच नाहीत, वारा आणि पाऊस वाढूच देत नाहीत, पण फांद्या एकमेकीत अशा गुंतलेल्या की वर आभाळ दिसत नाही. खोडांवर शेवाळ, शेवाळावर नेचे, नेच्यांच्या मधे ऑर्किड. आमच्याकडं बाभळीच्या खोडावर मुंगळा सोडून काही सापडत नाही हो, आणि इथं एका झाडावर अख्खी वसाहत.

मामांनी एक सडकं लाकूड उलटवलं, खाली गांडुळासारखं काहीतरी जाड, निळसर काळं वळवळलं. दोस्त दोन पावलं मागं. मामा म्हणाले, देवगांडूळ. खरं तर ते गांडूळ नाहीच, बिनपायाचा उभयचर, बेडकाचा लांबचा नातेवाईक. जन्मभर ओल्या मातीत राहतो, माती वाळली की खलास. असेच इथले खापरखवले साप, मातीत राहणारे, शेपटी बोथट, निरुपद्रवी, पण दिसला की लोक मारतात. मलबार चापडा मात्र विषारी, हिरवट, फांदीवर पानासारखा पडून राहतो, म्हणून मामा सारखं सांगत होते, आधाराला फांदी धरू नका. या असल्या जीवांची गंमत अशी की त्यातले बरेच सह्याद्री सोडून जगात दुसरीकडं कुठंच सापडत नाहीत. वाघ इथून गेला तर दुसरीकडं तरी असतो. हे एका डोंगरावरून गेले की गेलेच.

याच कुजक्या लाकडांवर पावसाळ्यात एक बुरशी येते, रात्री हिरवट चमकते. आम्हाला नाही दिसली, रात्री वनखात्याच्या परवानगीशिवाय आत फिरता येत नाही आणि ते बरोबरच आहे.

शेकरू! धुकं जरा फाटलं तेव्हा मामांनी नुसतं बोट वर केलं. आधी शेपटी दिसली, लांब, झुपकेदार, मग तांबूस तपकिरी अंग. खार म्हणतात पण आकार मांजराएवढा, जवळजवळ दोन किलोचा ऐवज. जांभळाच्या फांदीवर काहीतरी कुरतडत होता, आम्हाला बघून खटखट असा आवाज केला आणि पुढच्या झाडावर झेप. वीस फुटांपर्यंत उडी मारतो. जमिनीवर सहसा उतरतच नाही, म्हणजे फांदीला फांदी लागलेली असेल तरच त्याचा रस्ता चालू. मधली झाडं तोडून रस्ता केला, पार्किंग केलं, की त्याच्यासाठी पूल पाडल्यासारखंच. घरटी पण एक नाही, वेगवेगळ्या झाडांवर अनेक बांधतो. फळं खातो, बिया इकडंतिकडं टाकतो, जंगल पसरायला तेवढाच हातभार. महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे तो. आई म्हणे, "राज्याचा म्हणे आणि आमी आत्ता बघलालाव!"

मग आईनं मामांना सरळ विचारलं, "हे सगळं रान तुमचंच का हो दादा?" मामा हसले. म्हणाले, "आमचं कुठलं आई, फॉरेस्टचं. पण हिरडा आमचा." इथल्या घरांचा हातात येणारा पैसा बराचसा बाळहिरड्यावर चालतो, कोवळी फळं झोडून, वाळवून विकायची. औषधाला जातो, कातडं कमवायला जातो, पूर्वी कापडाच्या रंगकामातही लागायचा, म्हणजे आमच्या सोलापूरच्या मागावाल्यांचाही लांबून संबंध आलाच. त्यामुळं हिरड्याचं झाड इथं कोणी सहजासहजी तोडत नाही. आणि देवराया तर आहेतच, देवाच्या नावानं राखलेलं रान, काडीसुद्धा घरी न्यायची नाही. इथल्याच आहुपे गावाची देवराई भारी आहे म्हणतात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या या देवराया धुंडाळून नोंदवल्या होत्या. मला वाटतं जंगल राखायचं असेल तर आधी या माणसांना धरून राखावं लागेल, त्यांना बाहेरचं समजून कुंपण घातलं की हिरडाही जाईल आणि राखणारेही.

भीमेच्या उगमाला आईनं ओंजळीत पाणी घेतलं. धार बघून दोस्त जरा नाराजच झाला, एवढीशीच? हो, एवढीशीच. आणि खरं सांगायचं तर उजनी एकट्या या धारेवर भरतच नाही. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी, भामा, घोड, कुकडी, सगळ्या याच कड्याच्या रांगेतून निघतात आणि भीमेला मिळतात, नीरा तेवढी धरणाच्या खाली येते. म्हणजे हा अख्खा डोंगरमाथा मिळून आपलं धरण भरतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं तसं जंगल काही पाऊस पाडत बसत नाही, पाऊस पडतो तो समुद्रावरचे ढग या भिंतीला अडून वर चढतात म्हणून. जंगलाचं काम त्यानंतरचं. पालापाचोळा, मुळं, शेवाळ पाणी धरून ठेवतात आणि ओढ्यांना हळूहळू सोडतात, माती जागच्या जागी राहते. येताना एका ठिकाणी डोंगर कापून प्लॉट पाडलेले, तिथला ओढा नुसता लाल गढूळ वाहत होता, त्याला लागून झाडीतून येणारा ओढा मात्र नितळ. ती लाल माती शेवटी कुठल्यातरी धरणाच्या तळाशीच जाऊन बसणार ना? गाळ साचला की टक्केवारी शंभर दाखवली तरी पाणी तेवढं नसतं.

यावर सरकारदरबारी काय चाललंय तर पश्चिम घाट कसा राखायचा यावर गाडगीळ समितीचा रिपोर्ट २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा, मग २०१४ पासून घाटातला कुठला भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील धरायचा त्या अधिसूचनेचे मसुद्यावर मसुदे, सहावा मसुदा जुलै २०२४ मध्ये आला. युनेस्कोनं २०१२ ला पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा केल्या, महाराष्ट्रातल्या चार, कास, कोयना, चांदोली, राधानगरी. भीमाशंकर त्यात नाही. आम्हा सोलापूरवाल्यांना तर उशीर म्हणजे काय हे चांगलं ठाऊक आहे, सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य केलं आणि आता तिथं माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते.

कुणाला जायचं असेल तर श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र सोडून जा. पाण्याची बाटली स्टीलची न्या, वर प्लास्टिक नेलं तर तेच खाली आणा. वाटाड्या तिथलाच घ्या, पैसे नीट द्या, घासाघीस करू नका. शेकरूला बिस्किटं टाकू नका, लोक टाकतात. आईनं मामांकडून बाळहिरडा घेतला आणि पोटाला चांगला म्हणून अख्ख्या गल्लीत वाटला. मामा म्हणालेत हिरड्याच्या हंगामात आहुप्याला या, मार्च-एप्रिलला, त्यामुळं ते ठरतंय. गाडी दोस्ताचीच, डिझेल वाटून घ्यायचं.