तुम्ही विचारलंत म्हणून : अजून वर्डमध्येच लिहिता?

दोन प्रश्न मला आलटून पालटून येतात. पहिला जरा कीव केल्यासारखा : "अजून वर्डमध्येच लिहिता? थेट ब्लॉगवर का नाही लिहीत?" दुसरा कुतूहलाचा : "वर्डमधूनच लेख ब्लॉगवर चढवता येतो म्हणे, खरं का?" आजवर ज्याला त्याला तुकड्या-तुकड्यांत उत्तरं देत आले. आता एकदाच बैठक मारून लिहिते.

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, ते आधी उरकू. हो, चढवता येतो. वर्ड २००७ पासून ही सोय आहे. नवी फाइल उघडताना 'ब्लॉग पोस्ट' हा साचा निवडायचा. वर शीर्षकाची जागा येते, खाली कोरा भाग, आणि रिबनवरची बरीचशी बटणं गायब होतात. आपला ब्लॉग एकदा जोडून द्यावा लागतो : साइटचा पत्ता, वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड. मग 'पब्लिश' दाबलं की लेख गेला.

यामागची युक्ती वर्डची स्वतःची नाही. १९९८ साली एक्सएमएल-आरपीसी नावाची पद्धत आली, तिच्यावर २००२ मध्ये मेटावेबलॉग नावाचे संकेत बेतले गेले. बाहेरच्या कुठल्याही प्रोग्रॅमने साइटला सांगायचं : हा नवा लेख घे, हा जुना बदल, हे चित्र ठेवून घे. वर्ड तेच करतं. विंडोज लाइव्ह रायटर नावाचा एक फार गोड प्रोग्रॅमही तेच करायचा. त्याची शेवटची आवृत्ती २०१२ ची. पुढे तो 'ओपन लाइव्ह रायटर' म्हणून सगळ्यांसाठी खुला झाला, पण पूर्वीची रया काही आली नाही.

कारण ज्या दारातून लेख आत जातो, त्याच दारावर चोरही बसलेले असतात. ब्लॉग चालवण्याची वर्डप्रेस ही प्रणाली, तिने ३.५ या आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०१२ पासून, हे दार सगळ्यांसाठी आपोआप उघडं ठेवलं, आणि पासवर्ड ओळखण्याचा सपाटा लावणाऱ्यांनी तिथेच गर्दी केली. म्हणून साइट सांभाळणाऱ्या कित्येक कंपन्या ते दार परस्पर बंद करून टाकतात. माझ्या बाबतीत हेच झालं. काल चालत होतं, आज नाही. वर्ड एवढंच सांगतं की लेख पाठवता आला नाही. मी दोन दिवस पासवर्ड बदलत बसले, आणि तिसऱ्या दिवशी कळलं की कुलूपच बदललंय. तेव्हा तुमचंही अडलं तर आधी दार उघडं आहे का ते विचारा. आणि आपला मुख्य पासवर्ड वर्डला देऊच नका. वर्डप्रेस ५.६ पासून, म्हणजे २०२० अखेरीपासून, अशा बाहेरच्या प्रोग्रॅमसाठी वेगळा पासवर्ड काढता येतो. चोवीस अक्षरांचा, चार-चारच्या गटांत दिसणारा. तो वर्डला द्यायचा. उद्या नकोसा झाला तर तेवढाच रद्द करायचा, बाकी साइटला धक्का नाही.

आता पहिला प्रश्न, ज्यासाठी खरं तर बसलेय. वर्डच का?

वर्डच असं काही नाही. लिब्रेऑफिस रायटरसारखा लिहिण्याचा दुसरा प्रोग्रॅम असेल तरी लिखाण स्वतःजवळ ठेवण्याबद्दलचं माझं म्हणणं तसंच्या तसं लागू आहे. मुद्दा प्रोग्रॅमचा नाही, मूळ प्रतीचा आहे. ब्लॉगच्या चौकटीत लिहिलेला लेख जन्मतो तिथेच, राहतो तिथेच आणि साइट बुडाली की जातोही तिथूनच. पोस्टरस नावाची ब्लॉगची सेवा ३० एप्रिल २०१३ ला बंद झाली. ज्यांनी आपले लेख आधी उतरवून घेतले ते वाचले. २०१५ मध्ये गूगलच्या 'ब्लॉगर' या सेवेने बाहेरच्या प्रोग्रॅमनी आत येण्याची जुनी पद्धत बंद केली आणि लाइव्ह रायटर वापरणाऱ्यांचा रस्ता एकाएकी खुंटला. माझ्या डिस्कवरच्या फाइलींना यातल्या कशानेही ओरखडा गेला नाही. ब्लॉगवर असते ती छापील प्रत. मूळ हस्तलिखित माझ्या कपाटात आहे, असं मी मानते.

पण हे मानणं पाळावंही लागतं, आणि तिथे मी एकदा सपशेल आपटले. एका वाचकाने लेखातला चुकीचा शब्द दाखवला. मी लगेच साइटवर जाऊन दुरुस्त केला, आभार मानले, विषय संपला. महिन्याभराने त्याच लेखात एक परिच्छेद वाढवावासा वाटला. वर्डमधली फाइल उघडली, परिच्छेद लिहिला, 'पब्लिश' दाबलं. आता गंमत अशी की आपण पाठवलेला लेख साइटवर कुठला, हे वर्ड त्या फाइलीतच लिहून ठेवतं. त्यामुळे दुसऱ्यांदा पाठवताना नवा लेख तयार होत नाही, जुन्याच्या जागी अख्खा नवा मजकूर बसतो. नवा परिच्छेद गेला आणि त्याच्याबरोबर जुनी चूकही सुखरूप परत गेली. त्याच वाचकाचा निरोप आला : "ताई, ती परत आली."

तेव्हापासून नियम केलाय. अनुस्वार जरी बदलायचा असला तरी आधी फाइलीत, मग साइटवर. कंटाळवाणं आहे. दोन ठिकाणी तेच काम करावं लागतं, हे नाकारत नाही.

आता त्या घाणीबद्दल, ज्यावरून वर्ड बदनाम आहे. लोक 'पब्लिश' वापरत नाहीत, वर्डमधून मजकूर उचलतात आणि ब्लॉगच्या चौकटीत चिकटवतात. मग काही ओळी मोठ्या, काही लहान, मध्येच वेगळं अक्षरवळण, परिच्छेदांमध्ये भलत्याच फटी. याचं मूळ ऑफिस २००० मध्ये आहे. वर्डमधली फाइल वेबपान म्हणून साठवली आणि ते पान पुन्हा वर्डमध्ये उघडलं, तर काहीही हरवता कामा नये, असं तेव्हा ठरलं. हेतू चांगला. पण त्यासाठी कागदाचा आकार, समास, ओळींमधलं अंतर, असं वेबला ज्याचं सोयरसुतक नाही तेही सगळं एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानाच्या कोडमध्ये, कोंबावं लागलं. त्या खुणांच्या नावांत 'एमएसओ' अशी अक्षरं असतात. पानाच्या कोडमध्ये ती दिसली की समजायचं, वर्ड येऊन गेलंय.

देवनागरीत लिहिणाऱ्यांना हा ताप जास्त. वर्ड प्रत्येक मजकुरासाठी निरनिराळे फॉन्ट लक्षात ठेवतं, रोमन अक्षरांचा वेगळा आणि देवनागरीसारख्या लिप्यांचा वेगळा. आकारसुद्धा वेगवेगळे. एका मराठी वाक्यात दोन इंग्रजी शब्द रोमनमध्ये आले तर वाक्याचे पाच तुकडे होऊ शकतात आणि प्रत्येक तुकड्याभोवती भाषेची खूण, फॉन्टचं नाव, आकार असा लवाजमा उभा राहतो. मी एकदा एका ओळीच्या वाक्याचं कोड उघडून पाहिलं, ते आठ ओळी निघालं. त्यात 'मंगल' फॉन्ट मागितलेला. वाचकाच्या फोनमध्ये मंगल नसतो. मग फोन आपल्या मनाने काहीतरी दाखवतो आणि लोक मला विचारतात, लेख असा वाकडातिकडा का दिसतोय.

बरीच वर्षं यावर माझा उपाय होता नोटपॅडची आंघोळ. मजकूर आधी नोटपॅडमध्ये चिकटवायचा, तिथून उचलून ब्लॉगवर. घाण जाते, पण तिरपी अक्षरं, दुवे, उपशीर्षकं हेही सगळं वाहून जातं. मग ते परत लावत बसा. हा उद्योग करू नका. वर्डप्रेसच्या आताच्या ब्लॉक संपादकात वर्डमधला मजकूर चिकटवला तर तो स्वतःच बराच कचरा गाळतो आणि उपशीर्षकं, याद्या, दुवे ठेवतो.

अट एकच : ती उपशीर्षकं खरोखरची उपशीर्षकं असली पाहिजेत. ओळ निवडायची, ठळक करायची, आकार अठरा करायचा, हे उपशीर्षक नव्हे. ती फक्त जाड झालेली ओळ. आपल्याला ते कळतं, कारण आपण डोळ्यांनी वाचतो. संपादकाला कळत नाही, आणि पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमलाही कळत नाही. वर्डमध्ये 'स्टाइल्स' असतात, त्यातली 'हेडिंग २' लावायची. एक नंबर सोडून द्यायचा, कारण लेखाचं शीर्षक बहुतेक ठिकाणी तेच असतं. कंट्रोल, ऑल्ट आणि २ एकत्र दाबलं की झालं, माउसला हातही लावायला नको. तसंच दोन परिच्छेदांमध्ये जागा सोडायला दोनदा एंटर मारायचा नाही. आणि शिफ्ट-एंटर म्हणजे नवा परिच्छेद नव्हे, त्याच परिच्छेदातली नवी ओळ. कविता लिहिणाऱ्यांनी हे एवढं एक पाठच करावं, कडव्यांची निम्मी दुर्दशा थांबेल.

चित्रांचं वेगळंच दुखणं. वर्डमधून मजकुराबरोबर चित्र उचललं तर पुष्कळदा चित्र जातच नाही, फक्त त्याचा पत्ता जातो. आणि तो पत्ता असतो तुमच्या स्वतःच्या संगणकातल्या तात्पुरत्या फोल्डरचा. जगात कुणालाही ते चित्र दिसणार नाही, पण पान उलगडून पाहणाऱ्याला तुमच्या संगणकावरचं तुमचं नाव मात्र दिसेल. तेव्हा चित्रं साइटवर स्वतंत्र चढवा. मूळ चित्र हरवलं असेल आणि फक्त वर्डच्या फाइलीत उरलं असेल तर एक युक्ती आहे. डॉकएक्स फाइल म्हणजे आतून झिपचं गाठोडं असतं. फाइलीची प्रत काढा, नावाच्या शेवटचं 'डॉकएक्स' खोडून 'झिप' करा, गाठोडं सोडा. आत 'वर्ड' नावाचं फोल्डर, त्यात 'मीडिया', आणि त्यात तुमची सगळी चित्रं ओळीने मांडलेली. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मला कुणाच्या तरी घराची मागची बाजू पाहिल्यासारखं वाटलं होतं.

आणि एक फजिती सांगायची राहिली. लिहिताना मी समासात स्वतःसाठी शेरे टाकते, वर्डच्या 'कॉमेंट'मध्ये. एका लेखाचा सगळा मजकूर निवडला, उचलला, चिकटवला, घाईत प्रसिद्ध केला. शेरे बरोबर गेले. लेखात मध्ये मध्ये कंसातले आकडे आणि तळाशी क्रमवार शेरे. तिसरा होता : "हे मलाच पटत नाहीये, पण वाक्य छान झालंय." तासाभराने लक्षात आलं, काढून टाकलं. पण लेखाची प्रत ईमेलने ज्यांना जाते त्यांच्याकडे ती पोचली होती, आणि पोचलेलं ईमेल मागे घेता येत नाही. त्या वाक्यावर त्या आठवड्यात जेवढी चर्चा झाली तेवढी बाकीच्या लेखावर झाली नाही.

म्हणून वर्डमधून पाठवायचं तर 'पब्लिश' नाही, त्याच्याच खाली असलेलं 'पब्लिश ॲज ड्राफ्ट'. लेख साइटवर पोचतो पण कच्चा म्हणून, कुणाला दिसत नाही. मग तो फोनवर उघडायचा, वाचकाच्या नजरेने एकदा वाचायचा, आणि तिथून प्रसिद्ध करायचा. प्रसिद्धीचं बटण आणि लिहिण्याचं पान यांच्यात तेवढं अंतर मला लागतं.

ज्यांचे जुने लेख श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द : ते तसेच चिकटवून काही हाती लागणार नाही. त्या फाइलीत मराठी अक्षरं नाहीतच, रोमन अक्षरांना मराठी मुखवटा चढवलाय. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या मराठी अक्षरांत, रूपांतर, मग पुढचं सगळं.

आणि रूपांतर करा, साफसफाई करा, काहीही करा, शेवटी 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' तपासा. हे अक्षर लिहायच्या दोन पद्धती प्रचारात आहेत. एकीत नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ असतो, दुसरीत साधा र आणि त्याच्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. मजकूर स्वच्छ करणारे काही प्रोग्रॅम न दिसणाऱ्या गोष्टी कचरा समजून काढून टाकतात, आणि मग 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं. ते निदान डोळ्यांना खुपतं तरी. डोंगर चढण्यावरच्या माझ्या एका लेखात 'खोल दऱ्या'चा 'खोल दर्या' झाला होता. दोन्ही शब्द बरोबर, दोन्ही खोल. शुद्धलेखन तपासणाऱ्याने हूं की चूं केलं नाही, आणि डोंगरावरचा तो समुद्र चार महिने कुणाला खटकला नाही. मला सापडला तोही दुसरंच काहीतरी शोधताना. आधी फाइलीत बदलला, मग साइटवर.