काटा निघाला, लंगडणे राहिले

४ मार्च

हरभरा निघाला, तूर पोत्यांत भरून घरात आली, पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर रचून झाली. आता मृगापर्यंत माझ्या पायावाचून अडेल असे वावरात काही उरलेले नाही, म्हणून उजव्या तळव्याचा विषय आज एकदाचा हाती घेतो.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांना आवतन देण्याच्या अगोदर, मी रोही आणि रानडुकरे ज्या खिंडारातून कपाशीत शिरत होती ते बुजवायला बाभळीच्या फांद्या ओढत होतो. त्या वेळी चपलेचा तळ भेदून एक काटा पायात गेला. तो मी तिथेच बसून उपसला. दीड इंच तरी असेल. त्याचे टोक शाबूत आहे की नाही हे पाहण्याचे मात्र सुचले नाही, कारण आभाळ भरून आले होते आणि बैल धुवायचे राहिले होते.

सत्तावीस वर्षे मी शाळेत मराठी शिकवली आणि ‘काट्याचा नायटा होणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग दरवर्षी सातवीकडून करून घेतला. निवृत्तीनंतर सहा महिने तोच उपयोग मी पायाने लिहीत बसलो आहे.

मायने पहिल्या आठवड्यात रुईचा चीक लावला. त्याने काटा वर येतो, असे ती सांगते, आणि तिच्या ऐंशी वर्षांच्या आयुष्यात तो अनेकदा आलाही असेल. माझा आला नाही. मग दिवाळीच्या सुमारास, कोणालाही न विचारता, मी दाभण तापवून बिब्याचे तेल ठिपक्याठिपक्याने लावले. काटा होता तिथेच राहिला आणि भोवतीची कातडी भाजून रुपयाएवढा फोड आला. पुढे तालुक्याच्या एका दवाखान्यात (नाव लिहीत नाही) एक्स-रे काढला. त्यात काही दिसले नाही, तेव्हा ‘हे कुरूप आहे’ असे ठरवून त्यांनी कुरुपाच्या पट्ट्या दिल्या. त्या पट्ट्यांनी कातडी पांढरी होऊन पापुद्र्याने निघे, दोन दिवस बरे वाटे, आणि पुन्हा दुसऱ्या बोटाच्या मुळाखाली वाटाण्याएवढी गाठ हाताला लागे.

७ मार्च

उपजिल्हा रुग्णालयात गेलो होतो. तिथल्या डॉक्टरबाईंनी एक्स-रेची फिल्म खिडकीकडे धरून पाहिली आणि अंगठ्याने गाठ बाजूने दाबली. माझा पाय आपोआप मागे ओढला गेला. त्या म्हणाल्या, “गुरुजी, एक्स-रेत धातू दिसतो, काच बहुधा दिसते; काटा किंवा लाकडाची सल दिसत नाही. सोनोग्राफी करून या.” इतकी साधी गोष्ट सहा महिन्यांत मला कोणी सांगितली नव्हती, आणि मीही कोणाला विचारली नव्हती.

सोनोग्राफी बाहेर करावी लागली. ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ या पाटीखाली बाकावर सात-आठ गर्भवती आणि त्यांच्या सासवा बसल्या होत्या, आणि त्यांच्या रांगेत साठीचा मी, एका पायात चपल आणि दुसरी हातात धरून. शेजारच्या आजीबाईंनी बराच वेळ माझ्याकडे पाहून शेवटी विचारलेच, “तुमचं काय पाहाचं हाय जी?” मी पाय दाखवला. “मंग बरं,” असे म्हणून त्यांनी निःश्वास सोडला.

गार जेल लावून ते यंत्र तळव्यावर फिरवल्यावर पडद्यावर एक पांढरी रेघ आणि तिच्याभोवती काळे वलय दिसले. रेघेची लांबी ८ मिलिमीटर. डॉक्टरबाईंनी नंतर समजावले की, बाहेरची वस्तू विरघळवता आली नाही तर शरीर तिच्याभोवती पेशींची भिंत बांधते आणि गाठ होते ती त्या भिंतीची. आत काटा तसाच राहतो, म्हणून वरची कातडी कितीही सोलली तरी गाठ पुन्हा येते.

शस्त्रक्रियेला पुढच्या गुरुवारची तारीख मिळाली.

११ मार्च

तयारीचे दिवस. रक्त तपासले. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ६.१ निघाली, म्हणजे अजून मधुमेह नाही पण उंबरठ्यावर आहे. साखर वाढलेली असती तर तळव्याची जखम भरायला किती वेळ लागेल हे सांगता आले नसते, असे डॉक्टरबाई म्हणाल्या. धनुर्वाताची सुई दंडात दिली, कारण मागची कधी घेतली होती ते मला आठवेना. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, बधिर करणाऱ्या लिग्नोकेनची ॲलर्जी आहे का, दात काढताना कधी भोवळ आली होती का, हे तीन प्रश्न दोन वेगवेगळ्या खोल्यांत दोनदा विचारले गेले.

खरी तयारी न्हाणीत झाली. काळ्या मातीतला माणूस टाच भेगांशिवाय कुठून आणणार, आणि त्या भेगांत माती इतकी मुरलेली असते की साबण वरून निघून जातो. सौभाग्यवतीने कोमट पाण्यात पाय अर्धा तास भिजत ठेवायला लावले, आणि वजरी हातात घेतली, तेव्हा मी डॉक्टरबाईंची सूचना सांगितली की गाठीच्या आसपास खरवडायचे नाही, नव्याने ओरखडे पडले तर जंतूंना वाट मिळते. मग तिने टाचा वजरीने आणि तळव्याचा पुढचा भाग मऊ फडक्याने पुसून काढला. घमेल्यातले पाणी पहिल्यांदा काळे, दुसऱ्यांदा राखाडी आणि तिसऱ्यांदा चहासारखे झाले. लग्नाला पस्तीस वर्षे झाली; माझे पाय तिने असे धुवावेत याचा संकोच वाटत होता, आणि तिला मात्र ते घमेल्यातले पाणी तुळशीला चालेल की नाही, एवढाच प्रश्न पडला होता.

पाय सुकत असताना चपलांकडे लक्ष गेले. डावीचा तळ सगळीकडे सारखा झिजलेला होता. उजवीची बाहेरची कड इतकी झिजली होती की आतली पांढरी पट्टी उघडी पडली होती, आणि अंगठ्याखालचा भाग मात्र दुकानातून आणल्यासारखा नक्षीसकट शिल्लक होता. म्हणजे सहा महिने मी त्या भागावर पाऊल टाकलेच नव्हते, आणि हे मला ठाऊक नव्हते. डावा टोंगळा (गुडघा) दुखतो तो वयामुळे, असे मी सगळ्यांना सांगत आलो होतो.

१३ मार्च

सकाळी उपाशी गेलो. ‘ऑपरेशन’ या शब्दाबरोबर उपास येतोच, असे घरातल्या सगळ्यांनी आपसात ठरवून टाकले होते. परिचारिका रागावल्या. केवळ पाय बधिर करायचा असल्याने जेवून या, असे कागदावर लिहिलेले होते, आणि सत्तावीस वर्षे ‘प्रश्न नीट वाचा’ असे मुलांना सांगणाऱ्या मी तो कागद वाचला नव्हता. समोरच्या टपरीवरून पोहे आणवून ते खाल्ल्यावरच मला आत घेतले.

तळव्यात थेट सुई टोचली तर फार दुखते, म्हणून त्यांनी घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागे इंजेक्शन दिले. तिथून तळव्याकडे जाणारी नस जाते. पंधरा मिनिटांत बोटांना मुंग्या आल्या, मग ऊब वाटली, आणि मग पाय कोणा दुसऱ्याचा असावा तसा झाला. दाब कळत होता, ओढ कळत होती, वेदना नव्हती. छताला एक पाल होती. तिच्याकडे मी इतके लक्ष दिले की आता तिचे चित्र काढून दाखवू शकेन.

वीस मिनिटांनी डॉक्टरबाईंनी चिमटा माझ्यासमोर आणला. कापसाच्या बोळ्यावर काळपट, जिऱ्याहून थोडा मोठा तुकडा होता, एका बाजूला अजून टोकदार. “हे घ्या तुमचं धन.” जखम सलाईनने धुऊन तीन टाके घातले. तुकडा त्यांनी छोट्या बाटलीत घालून दिला आणि तो आता खिडकीत गजानन महाराजांच्या फोटोशेजारी आहे. तो तिथे कोणी ठेवला ते माहीत नाही. मी ठेवलेला नाही.

निघताना सूचना दिल्या. बधिरता उतरेपर्यंत पाय टेकवायचा नाही, कारण काय टोचते तेच कळणार नाही; झोपताना पाय छातीच्या पातळीहून उंच ठेवायचा; पट्टी ओली करायची नाही; चालायचे तर टाचेवर आणि तेही अगदी गरजेपुरते. परत येताना एसटीची पायरी एका पायाने चढता येईना, तेव्हा वाहकाने काखेत हात घालून मला पोत्यासारखे वर घेतले.

१४ मार्च

रात्री नऊला बधिरता पूर्ण उतरली आणि ठणका सुरू झाला. पॅरासिटामॉलची गोळी, दोन वाकळींची गुंडाळी करून तिच्यावर पाय, आणि बाजेच्या पायथ्याशी पंखा. पाय खाली सोडला की ठोका थेट टाक्यात लागतो, वर घेतला की दहा मिनिटांत ओसरतो. पाय उंच ठेवण्याची सूचना मला काल औपचारिक वाटली होती.

१७ मार्च

या दिवसांतली सर्वांत मोठी अडचण कोणत्याही कागदावर लिहिलेली नव्हती. आमचा संडास बसून वापरायचा आहे आणि उकिडवे बसले की सगळा भार तळव्याच्या पुढच्या भागावर येतो. पहिल्या दिवशी भिंतीला धरून केलेली कसरत लिहिण्याजोगी नाही. शेवटी मुलाने प्लास्टिकच्या जुन्या खुर्चीला चुलीत तापवलेल्या विळ्याने भोक पाडले, कडा सहाणेवर घासून गुळगुळीत केल्या, आणि ती संडासात नेऊन ठेवली. घरात जळक्या प्लास्टिकचा वास दोन दिवस होता. शस्त्रक्रियेला जाणाऱ्या प्रत्येकाने ही खुर्ची आधी तयार करावी, बाकी पथ्ये नंतर विचारावीत.

आंघोळीला पायावर दुधाची पिशवी आणि वरून रबर. शेजाऱ्यांकडून त्यांच्या दिवंगत आईचा वॉकर आला आहे. ओसरीत तो बरा चालतो, अंगणात त्याचा एक पाय नेहमी खड्ड्यात असतो.

२० मार्च

ओसरीवर बाज टाकून दिल्याने येणारा-जाणारा थांबतो. “कसा हाय जी पाय?” हा प्रश्न आज मोजला, अकरा वेळा आला. प्रत्येकाजवळ स्वतःच्या काट्याची एक गोष्ट असते, आणि त्यातल्या कोणाच्याही काट्याला सोनोग्राफी लागलेली नसते. कोठ्यातून बैल माझा आवाज ऐकून मान वळवतात आणि मी उठत नाही, हे पाहून पुन्हा कुटारात तोंड घालतात. सून पाणी देते, नातू चष्मा आणून देतो. मागण्याची सवय नसल्याने मी एकाच वेळी चार वस्तू आठवून ठेवतो आणि मग त्यातल्या दोन विसरतो.

२७ मार्च

चौदाव्या दिवशी टाके काढले. चेहऱ्याचे टाके पाच दिवसांत काढतात, तळव्याचे मात्र दोन आठवडे ठेवतात, कारण तिथली कातडी जाड आणि वर अंगाचा सगळा भार. जखम कोरडी आहे, सूज नाही. डॉक्टरबाईंनी मला खोलीतल्या खोलीत चालायला सांगितले. मी चाललो. त्या म्हणाल्या, “काटा निघाला, तरी तुम्ही अजून काट्यावरच चालताय.”

मी बाहेरच्या कडेवर चालत होतो. दुखत नव्हते. पायाला ते सांगायचे राहून गेले होते.

त्यांनी दोन व्यायाम दिले. खाली फडके पसरून ते पायाच्या बोटांनी गोळा करायचे, आणि भिंतीला धरून हळूहळू चवड्यांवर उभे राहायचे, दिवसातून तीनदा. चालताना टाच, मग तळवा, मग अंगठा, असे मनात म्हणायचे.

९ एप्रिल

ऊन बेचाळीसच्या पुढे. बंद बुटात घाम साचून जखमेचा व्रण पांढरा पडतो, म्हणून मऊ तळाची नवी चपल घेतली. जुनी टाकवली नाही.

टाच, तळवा, अंगठा. पांदणीने शंभर पावले मी हे मंत्रासारखे म्हणत जातो, मग कोणी भेटते, रामराम होतो, भावाचा विषय निघतो, कापूस कसा गेला, तूर कशी गेली, आणि दहा पावलांनी पाहतो तो पाय पुन्हा बाहेरच्या कडेवर. व्रण दाबला तर किंचित हुळहुळतो, दुखत म्हणावे असे काही नाही. अंगठ्यावर भार देण्याच्या क्षणी मात्र सबंध शरीर आधीच आखडून घेते. मायला हे सांगितले तर ती म्हणाली, “बैलाचंबी असंच रायते. खांदा बरा झाल्यावरबी चार दिस जू पाहून मान काढते.” चार दिवसांचे आठवडे झाले आहेत, पण उपमा बरोबर आहे.

१६ एप्रिल

डावा टोंगळा सकाळी उठताना दुखला नाही. आंघोळीनंतर ओल्या पायांनी न्हाणीतून ओसरीत आलो, आणि सवयीने मागे वळून शहाबादी फरशीवरचे ठसे पाहिले. टाके निघाल्यापासून उजव्या पायाचा ठसा केवळ एक कोयतीसारखी वाकडी रेघ आणि टाच एवढाच उमटत होता. आज रेघेच्या आतल्या बाजूला, अंगठ्याखाली, एक फिकट गोल डाग होता. डाव्या पायाच्या मानाने अर्धाच असेल. नातवाला हाक मारून दाखवेपर्यंत फरशी तापलेली असल्याने तो वाळून गेला, तेव्हा पुन्हा न्हाणीत जाऊन पाय ओला करून आलो.