लिफ्ट कितव्या मजल्यावर आहे?

पहिल्या केमोला आम्ही फसलो ते तिसऱ्या दिवशी.

सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध चढवलं त्या दिवशी आमची जय्यत तयारी होती. टब, टिश्यू, ओला टॉवेल, कपड्यांचे तीन जोड. पलंगाच्या एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला मी. आणि ताईच्या मुलीला, मनूला, झाली एकच उलटी, तीही रात्री. एवढंच? आम्ही दोघींनी सुस्कारा सोडला. घरी आल्यावर ती चक्क पत्ते खेळली. उलटी थांबवायच्या गोळ्यांची पाकिटं समोर होती. तिचं इतकं छान चाललंय तर उगाच पोटात औषधं कशाला, असं म्हणून त्या दिवशीच्या गोळ्या द्यायच्या नाहीत हे मी ठरवलं. ताईने नाही. मीच.

तिसऱ्या दिवशी पहाटे ती उठून बसली ती दुपारपर्यंत. पोटात काही उरलं नव्हतं, तरी उमासे थांबेनात. मधेच माझं मनगट धरून म्हणाली, "मावशी, औषध तर संपलं ना? मग आता का?"

याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. केमोची उलटी एका वाटेने येत नाही. पहिल्या चोवीस तासांतली मुख्यतः आतड्यातून सुरू होते. आपल्या शरीरातलं जवळजवळ नव्वद टक्के सेरोटोनिन तिथेच असतं. केमोने आतड्याच्या पेशी दुखावल्या की ते सुटतं आणि एका लांबलचक नसेमार्फत मेंदूला निरोप जातो. ऑन्डान्सेट्रॉन हे औषध हा निरोप अडवतं. नंतरची उलटी वेगळी. त्यात 'सबस्टन्स पी' नावाच्या रसायनाचा मोठा हात असतो, त्याचा दरवाजा वेगळा आणि त्याला लागणारं कुलूपही वेगळं: अ‍ॅप्रेपिटंट. सिस्प्लॅटिनमध्ये ही दुसरी लाट साधारण ४८ ते ७२ तासांत चढते. म्हणजे आम्ही सुस्कारे सोडत होतो तेव्हा ती निघालेली होती आणि तिला अडवणारी गोळी माझ्या ड्रॉवरमध्ये होती.

त्यानंतर औषधं घड्याळ लावून. बरी असली तरी. बरी असली म्हणूनच.

पण उलटी निदान दिसते, मोजता येते. मळमळ दिसत नाही. मनू गप्प पडून असायची आणि आम्ही समजायचो, झोपलीय. सिस्टरनी चेहऱ्यांचा तक्ता आणला, हसऱ्यापासून ओकणाऱ्यापर्यंत. लहान मुलांसाठी तो उत्तम, पण अकरा वर्षांच्या मुलीला तो अपमान वाटला. "मी काय बालवाडीत आहे?" मग तिनेच सांगितलं की पोटात लिफ्ट असल्यासारखं होतं. तळमजल्यावर असली की काही नाही. चौथ्यावर बोलू नये असं वाटतं. सातव्यावर टब. मी वहीत रकाने आखले: वेळ, औषध, मजला, लघवी. एकदा राऊंडला डॉक्टरांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "सध्या कितवा मजला?" त्या दिवसापासून ते तिचे लाडके.

वहीचा खरा उपयोग असा झाला की औषध टबाच्या आधी पोहोचायला लागलं. 'पाचवा' आला की आम्ही लगेच सिस्टरना सांगायचो, सातव्याची वाट बघायची नाही. औषधं बदलली तीही वही बघूनच. रात्रीसाठी ओलान्झापीन आलं. त्याने झोप फार येते, सकाळी ती चिडायची, पण मजले उतरले. आणखी एक गोष्ट वहीनेच पकडली. दर वेळी पाचव्या दिवशी मळमळ पुन्हा वर. कारण निघालं बद्धकोष्ठता. ऑन्डान्सेट्रॉनमुळे पोट साफ होत नव्हतं, आणि तुंबलेलं पोट स्वतःच मळमळ देतं. हे आम्हाला आधी कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून इथे ठळक सांगतेय. पोट साफ व्हायचं औषध सुरुवातीलाच विचारून घ्या.

लघवीचा रकाना का? सहा-आठ तास लघवी नाही, तोंड कोरडं, पोर सुस्त, तर घरी बसून पाणी पाजत राहायचं नाही, फोन करायचा. उलटीत रक्त, जोराची डोकेदुखी किंवा ताप असला तर फोनही लगेच. गोळी घेतल्या घेतल्या बाहेर पडली तरी विचारूनच परत द्यायची. आणि केमोनंतर ४८ तास टब धुताना हातमोजे, कारण औषधाचा अंश त्यात असतो.

केमोच्या चौथ्या सायकलला, म्हणजे चौथ्या फेरीला, नवीनच प्रकार. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध लालभडक असतं. सिस्टरच्या हातात ती लाल सिरिंज दिसली आणि मनूला भडभडून आलं. सुई टोचलीही नव्हती. माझ्या मनात आलं, नाटक करतेय का? लाज वाटते लिहायला. ते नाटक नव्हतं, शरीराने धडा पाठ केला होता. या आगाऊ मळमळीवर ऑन्डान्सेट्रॉन फारसं चालत नाही. आदल्या रात्री मन शांत करणारी गोळी मिळाली, सिरिंजला कागद गुंडाळला गेला, आणि मी तिच्या हातात व्हिडिओ गेम दिला. टीव्ही नुसता बघता येतो, मन भलतीकडे जातं. गेममध्ये हरायची भीती असते. ताईला पटेना, पण मजला सहावरून तीनवर आला हे वहीत आहे.

खाण्याबद्दल सगळ्यांचं एकच, 'दोन घास खाऊन घे बाळा'. ज्यांनी कधी सहाव्या मजल्यावर दोन घास खाल्लेले नाहीत, त्यांनी हे बोलू नये. आम्ही वासाच्या आणि गरम वस्तू खोलीबाहेर ठेवल्या. चमचा चमचा पाणी, आणि भूक लागली तर ती मागेल तेवढंच.

आवडीचा पदार्थ मात्र केमोच्या दिवशी द्यायचा नाही. लाड म्हणून सगळे नेमका तोच आणतात! १९७८ साली आयलीन बर्नस्टाइन या संशोधिकेने दाखवलं होतं की केमोआधी वेगळ्या चवीचं आइस्क्रीम खाल्लेली मुलं नंतर त्या चवीला नाकारतात. मेंदू दोष शेवटी खाल्लेल्या वस्तूवर ढकलतो. पुढे १९८७ साली त्याच संशोधिकेच्या गटाने उलटा डाव टाकला. जेवण आणि केमोच्या मध्ये मुलांना तीव्र चवीची चघळायची गोळी दिली. मग जेवणावरचं मन कमी उडालं, बदनाम झाली गोळी. बळीचा बकराच.

डॉक्टरांना विचारून आम्हीही एक बकरा निवडला. हिरवी, अतिशय कृत्रिम चवीची गोळी, जिच्याशी मनूचं कधी काही नातं नव्हतं. केमो सुरू व्हायच्या आधी एक. पाचव्या सायकलपासून शेवटपर्यंत.

आता तिला तेरावं लागलंय. पूर्वी आवडायचं ते सगळं खाते. हिरव्या गोळीची बरणी दुकानात दिसली तर माझ्या पलीकडच्या बाजूने चालते.