पुस्तकं कारखान्याला गेली

बऱ्याच दिवसांपासून हे लिहायचं होतं, शाळेच्या कामात राहून जात होतं. परवा शिक्षण परिषदेत एका नवीन मॅडमनी विचारलं, सर तुमची लेकरं एवढी पुस्तकं कशी काय वाचतात, आणि तिथं मला दोन मिनिटांत धड काही सांगता आलं नाही. म्हणून इथं लिहितोय, जरा मोठं होईल.

आमची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात, जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. गावातली निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीची. दसरा झाला की टोळ्या साखर कारखान्यांकडं निघायला लागतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते त्यामुळे जावंच लागतं, मग ज्या लेकरांना मागं सांभाळायला आजी-आजोबा आहेत ती हंगामी वसतिगृहाच्या आधारानं गावात राहतात आणि बाकीची आईबापाबरोबर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, ती एकदम उन्हाळ्यातच दिसतात.

कोरोनाच्या आधी बदली होऊन मी इथं आलो तेव्हा चार्ज घेताना साठा रजिस्टर आणि कपाटाची किल्ली हातात आली. पुस्तकं मोजली, सही केली, कुलूप लावलं. 15 ऑक्टोबरला, म्हणजे कलाम सरांच्या जयंतीला, आपल्याकडे 2015 पासून वाचन प्रेरणा दिन असतो, त्या दिवशी कपाट उघडलं, सतरंजीवर पुस्तकं मांडली, लेकरांनी तासभर वाचली, मी फोटो काढून ग्रुपवर टाकले आणि सुट्टी व्हायच्या आत परत मोजून ठेवायला लागलो. एक कमी पडत होतं. तिसरीतली एक पोरगी ते छातीशी धरून खांबाला टेकून बसली होती. म्हणाली, सर अर्धीच झाली, उद्या आम्ही कारखान्याला चाललो. मी तिच्या हातातून ते घेतलं आणि कपाटात ठेवलं.

हे मी आजही विसरू शकलेलो नाही. एप्रिलमध्ये ती परत आली तेव्हा जी पोरगी सरळ वाक्यं वाचत होती ती एकेक अक्षर लावून वाचायला लागली होती, जोडाक्षर आलं की थांबायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. सहा महिने तिच्या आसपास वाचायला काही नव्हतंच, उसाच्या फडात आणि पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, कुठून असणार!

मी असं का केलं तर भीती. आधीच्या एका शाळेत तपासणीत दोन पुस्तकं कमी भरली होती आणि माझ्याकडून लेखी खुलासा घेतला होता, तेव्हापासून डोक्यात एकच बसलं होतं की पुस्तक हरवलं तर आपल्या अंगावर येणार. मला खात्री आहे की कितीतरी शाळांमधली कपाटं फक्त ह्या भीतीपायी बंद आहेत, शिक्षकांना वाचनाचं महत्त्व माहीत नाही असं अजिबात नाही. मग शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडला आणि ठराव घेतला की वाचून फाटलेल्या किंवा हरवलेल्या पुस्तकाबद्दल लेकराला जबाबदार धरायचं नाही, वर्षाअखेरीला त्याची रीतसर नोंद करून निर्लेखनाचा, म्हणजे साठ्यातून ते कमी करायचा, प्रस्ताव पाठवायचा. एवढा एक कागद फाइलला लागला आणि माझा हात मोकळा झाला. किल्ली आता कपाटालाच लटकलेली असते.

पण कपाट उघडलं म्हणजे लेकरं लगेच वाचत नाहीत हे पण खरं. पहिले काही दिवस चित्रं बघून ठेवून द्यायची. मी स्वतः तरी कुठं वाचत होतो, डीएडची पुस्तकं झाली आणि संपलं. मग रोज खिचडी झाल्यावर पंधरा मिनिटं मी मोठ्यानं वाचायचं असं ठरवलं. त्यासाठी आदल्या रात्री घरी वाचून जावं लागायचं आणि त्यात मलाच गोडी लागली, कधी कधी उद्याचं पान सोडून पुढचं वाचत बसायचो. एकच नियम पाळला, गोष्ट संपली की प्रश्न विचारायचा नाही. "यातून काय बोध घेतला" हे तर नाहीच नाही. मला वाटतं ह्या बोधानं आपल्याकडं जेवढी लेकरं पुस्तकापासून लांब गेली तेवढी दुसऱ्या कशानं गेली नसतील. न विचारता तीच बोलतात. एकानं मध्येच विचारलं, सर ह्याच्यात वाघ मरतो का, मरत असला तर वाचू नका. तांड्यावरचा एक पोरगा वर्गात तोंड उघडत नव्हता, त्याला म्हटलं तुझ्या गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, सांग, तर त्यानं हातवारे करून अख्खी गोष्ट सांगितली आणि बाकीच्यांना निम्मी तरी कळलीच.

मध्ये सुट्टीत भिलारला जाऊन आलो, पाचगणीजवळचं, स्ट्रॉबेरीचं गाव. तिथं 2017 च्या मे महिन्यापासून पुस्तकांचं गाव आहे, लोकांच्या घरांत, ओट्यावर पुस्तकं ठेवलेली, कुणीही जावं आणि बसून वाचावं. सरकारनं उभं केलंय हे खरं, पण ती सांभाळणारी माणसं घरचीच, आणि मला ते बघूनच सुचलं की आपल्या गावात लेकरं थांबतात कुठं. गिरणीत! दळण घेऊन आलेलं लेकरू अर्धा-पाऊण तास तिथं नंबर लावून बसलेलं असतं. गिरणीवाल्या काकांना विचारलं, ते म्हणाले, "गुरुजी, पिठानं पांढरी होतील, चालतंय का?" चालतंय की. एक कापडी पिशवी खुंटीला अडकवली, पंधरा पुस्तकं. आता बाया पण म्हणतात, वाच रे मोठ्यानं, आम्हाला पण ऐकू दे.

आणि त्याच वर्षी दसऱ्याच्या आधी टोळीबरोबर जाणाऱ्या लेकरांसाठी पिशव्या केल्या. प्रत्येकाला तीन पुस्तकं, पातळ, मोठ्या अक्षरांची, एखादं जोडाक्षर नसलेलं, आणि एक जरा अवघड, पुढं वाढायला. बालभारतीच्या किशोर मासिकाचे 1971 पासूनचे अंक नेटवर फुकट आहेत, त्यातल्या गोष्टींच्या प्रिंट काढल्या, स्टोरीवीव्हर ह्या वेबसाइटवर मराठी गोष्टी पातळीप्रमाणे लावलेल्या मिळतात त्या पण काढल्या, कारण कपाटातली पुस्तकं पुरणार नव्हती. ज्यांच्या बापाकडं मोबाइल आहे त्यांना रात्री आठनंतर फोन करायचो, पुस्तकाचं काही विचारायचो नाही, आज फडात काय झालं एवढंच. तीच सांगायची, सर ते दुसरं झालं वाचून.

ती पोरगी तेव्हा चौथीत होती. तिला तेच पुस्तक दिलं जे मी काढून घेतलं होतं. काही बोललो नाही, तिनं पण नुसतं उघडून बघितलं आणि पिशवीत घातलं.

उन्हाळ्यात टोळ्या आल्या तेव्हा सगळी पुस्तकं काही परत आली नाहीत. काही पावसात भिजली, एक चुलीत गेलं, दोन-तीन दुसऱ्या टोळीतल्या लेकरांनी नेली ती तिकडंच राहिली. ती रजिस्टरला लिहिली. तिचं आलं, कव्हर नव्हतं, कडा धुरानं काळ्या झालेल्या आणि मागच्या कोऱ्या पानावर वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली नावं. विचारलं तर म्हणाली, सर, कोपीवरच्या लेकरांची आहेत, ज्यांनी ज्यांनी वाचलं त्यांची. त्यातल्या दोघांना वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं, मग त्यांचं पण लिहिलं, असं तीच म्हणाली.

ह्या दसऱ्याला पिशव्या जास्त लागणार आहेत. जुन्या साड्यांच्या शिवायला गावातल्या दोघी तयार झाल्यात. पातळ आणि मोठ्या अक्षरांची पुस्तकं घरात पडून असतील तर कमेंटमध्ये सांगा, पोस्टाचा खर्च मी करतो.