डिझेल गळत नाही, तरी इंजिन एअर घेतंय

टाकी निम्म्याच्या खाली गेली की आमच्या होडीचं इंजिन उजनीच्या पाण्यात मधोमध गचके खाऊन बंद पडायला लागलं. डिझेलच्या नळीत शिरलेली हवा, म्हणजे एअर, काढली की सुरू, थोडं पुढं गेलं की पुन्हा तेच. करमाळ्याच्या काठावरून पलीकडं इंदापूरच्या बाजूला जाताना पाण्याचा पट्टा मोठा. दुपारनंतर वारा सुटला की बंद होडी लाटांना आडवी होते, आणि आडव्या होडीत पाणी यायला वेळ लागत नाही. त्यामुळं हे दुखणं मुळापासून काढायचंच होतं.

डिझेल मात्र कुठंच गळत नव्हतं. मेख तिथंच आहे. आमची टाकी फळीखाली, इंजिनला डिझेल पोचवणाऱ्या फीड पंपापेक्षा खालच्या पातळीला. पंप तिच्यातून डिझेल ओढतो. ओढणाऱ्या नळीला बारीक चीर असली तर डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत शिरते. टाकी रिकामी होत जाईल तशी ओढ वाढते आणि हवाही जास्त येते. इंजिनात डिझेल फवारणारं नोझल उघडायला 200 बारच्या आसपास दाब लागतो. मधे बुडबुडा असला की तोच दबत राहतो आणि नोझल उघडतच नाही.

काठावर सगळ्यांचं म्हणणं एकच, सगळे नट आवळून टाक. मला हे पटत नाही. नळी जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टखालचा तांब्याचा वॉशर आधीच चेपलेला असतो. आणखी आवळलं तर आटे जातात. मिस्त्रीही तेच म्हणाले, "दादा, आधी एअर कुठनं घेतंय ते बघू, पाना मग."

त्यांनी पंपाच्या पुढं हातभर पारदर्शक नळी घातली. इंजिन सुरू होताच मोहरीएवढे बुडबुडे ओळीनं पळताना दिसले. मग टाकी बाजूला ठेवून कॅनमधलं डिझेल नव्या नळीनं थेट पंपाला दिलं. बुडबुडे थांबले. म्हणजे पंप चांगला, दोष टाकी ते पंप यांच्यामधे.

जुनी नळी परत जोडून तिचं पंपाकडचं तोंड आणि रिटर्न, म्हणजे उरलेलं डिझेल टाकीत परत आणणारी नळी, बंद केलं, सगळे जोड कोरडे पुसले आणि टाकीला सायकलच्या पंपानं अगदी हलकी हवा दिली. जोरात देऊ नये, टाकी फुगते. टाकीवरच्या क्लिपखालून डिझेलचा एक थेंब हळूच वर आला. होज कापून बघितली तर ऊन आणि तापानं कडक झालेली, क्लिपनं झाकलेल्या जागी उभी चीर.

नवी डिझेलची होज बसवली. हाताशी नवे वॉशर नव्हते, म्हणून जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकले. तांबं त्यानं मऊ होतं आणि पुन्हा नीट बसतं. मग आधी फिल्टरचा, नंतर पंपाचा स्क्रू सैल करून फेस जाईपर्यंत एअर काढली. पारदर्शक नळी काढून टाकली, कारण साधं प्लास्टिक इंजिनच्या तापाजवळ टिकत नाही.