६४ कोअर सोडून ३२ घेतले, आणि कोटेशनमधल्या एका ओळीसाठी भांडलो

ऑफिसच्या सिम्युलेशनसाठी मोठा संगणक घ्यायचा होता. त्यात प्रोसेसर कोणता, किती कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला एकेक गणित करणारा भाग), हे ठरवताना फारसा त्रास झाला नाही. ठरवलेलं कोटेशनवर नीट लिहून घेताना मात्र जीव मेटाकुटीला आला. तो राग अजून गेलेला नाही. आपल्याकडे सोलापुरात असं मशीन घेणारे मोजकेच, त्यामुळे विचारायलाही कोणी सापडत नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

जुळे सोलापुरात आमचं छोटं ऑफिस आहे. साखर कारखान्यांच्या बॉयलरचं आणि ज्यूस हीटरचं सीएफडी (हवा-पाणी-उष्णतेच्या प्रवाहाचं संगणकावरचं गणित) करतो. भट्टीत बगॅस (उसाचा चोथा) कसा जळतो, हवा कुठे अडते, हे प्रत्यक्ष पत्रा कापायच्या आधी संगणकावर बघायचं, असं हे काम. गाळप चालू असताना कारखान्यात कोणी बदलाचं नाव काढत नाही. हंगाम संपला की दुरुस्त्या निघतात आणि सगळ्यांना उत्तर एकदमच हवं असतं. जुनं मशीन त्या गर्दीला पुरत नव्हतं.

आधी यादीत होता एएमडी कंपनीचा प्रोसेसर, थ्रेडरिपर ७९८०एक्स. ६४ कोअर, १२८ थ्रेड (एका कोअरवर दोन कामं), बूस्ट म्हणजे कमाल वेग ५.१ गिगाहर्ट्झ, २०२३ च्या नोव्हेंबरात आलेला. आकडे बघून कोणालाही तोच घ्यावासा वाटेल. पण त्याला रॅमचे चॅनल, म्हणजे रॅममधून प्रोसेसरकडे डेटा यायच्या वाटा, चारच. डीडीआर५-५२०० जातीची रॅम लावली तर सेकंदाला साधारण १६६ जीबी डेटा प्रोसेसरपर्यंत पोचतो. तो ६४ कोअरमध्ये वाटला की एकेकाच्या वाट्याला २.६ जीबी येतो. सीएफडीत गणित सोपं असतं, पण डेटा प्रचंड असतो. कोअर बहुतेक वेळ रॅमची वाट बघत बसतात. जेवणावळीत वाढपी चारच असले तर पंगत कितीही लांब केली तरी पानं रिकामीच राहणार.

दुसरा पर्याय इंटेलचा झिऑन डब्ल्यू९-३४९५एक्स. ५६ कोअर, आठ चॅनल. बरा होता. तिसरा एएमडीचाच सर्व्हरमधला एपिक ९३५४पी. फक्त ३२ कोअर, बूस्ट ३.८ गिगाहर्ट्झ, पण चॅनल १२. डीडीआर५-४८०० धरली तर कागदावर ४६० जीबी, म्हणजे कोअरमागे १४ च्या वर. शिवाय एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी वेगवान मेमरी) २५६ एमबी आणि टीडीपी, म्हणजे साधारण तापणं, २८० वॅट, थ्रेडरिपरचा ३५०. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा ४२ च्या पुढे असताना, ७० वॅटचा फरक एसीला चांगलाच जाणवतो. आणि आमची खरी घाई नेमकी त्याच दिवसांतली. बाजारात आले तेव्हा ७९८०एक्सची किंमत ४,९९९ डॉलर होती, ९३५४पीची २,७३० डॉलर. निर्णय तिथेच झाला.

नावातल्या अक्षरांचंही सांगून ठेवतो. एपिकमध्ये शेवटी ‘पी’ असेल तर तो एकट्यानेच चालतो, दोन प्रोसेसरच्या बोर्डवर जोडीने लावता येत नाही. ‘एफ’ म्हणजे जास्त क्लॉकचा (गिगाहर्ट्झमधला वेग), ‘एक्स’ म्हणजे जास्त कॅशचा. चौथा आकडा पिढीचा: ९३५४ चौथ्या पिढीतला, ९३५५ पाचव्या.

आता कोटेशन.

आम्ही डीलरला लिहून दिलं होतं: एपिक ९३५४पी, रॅम १६ जीबीच्या १२ स्टिक (रॅमच्या पट्ट्या), एकूण १९२ जीबी. कोटेशन आलं त्यात प्रोसेसर बरोबर. रॅमच्या ओळीत ‘२५६ जीबी डीडीआर५ सर्व्हर रॅम’. किती स्टिक, कितीच्या, काही नाही. फोन केला तर सेल्समधला मुलगा म्हणाला, “सर, तुम्ही १९२ मागितली, आम्ही २५६ देतोय. जास्तच देतोय ना!”

मी विचारलं, स्टिक किती? बराच वेळ कीबोर्डचा आवाज येत राहिला. मग म्हणाला, “६४ च्या चार बसतील सर. आठ स्लॉट मोकळे राहतात, पुढे वाढवायला बरं.”

सगळी मेख इथेच आहे. या बोर्डवर प्रत्येक चॅनलला स्वतःची स्टिक लागते. चारच लावल्या तर चारच चॅनल चालतात, आणि ४६० चे होतात १५३. म्हणजे ज्या कारणासाठी थ्रेडरिपर सोडला, तेच कारण पैसे मोजून परत घरात आणायचं, आणि वर क्लॉकही कमी. बरं, मशीन चालू व्हायला काहीच अडचण येत नाही. स्क्रीनवर २५६ जीबी दिसतात, सगळे खूश. हळू का चाललंय हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

हे सगळं मेलवर लिहून पाठवलं. सुधारित कोटेशन आलं. तारीख नवी, ऑफरची मुदत नवी, रॅमची ओळ तीच. पुन्हा फोन. “सर, सिस्टीममध्ये तसाच आयटम आहे, लाइन बदलता येत नाही.” मग आठ स्टिकचा प्रस्ताव आला, मधला मार्ग म्हणून! बाजारात भाजी घेतोय का आपण? तोवर किमतीची मुदत संपली, आणि नव्या कोटेशनमध्ये दर वाढून आला. इकडे एका कारखान्याचे चीफ इंजिनिअर रोज विचारायचे, “साहेब, आमच्या भट्टीचं काय झालं?” त्यांना काय सांगणार, की रॅमच्या एका ओळीवर अडलोय?

आमचे भागीदार, वयाने मोठे, मी त्यांना दादाच म्हणतो, तेही वैतागले. “अरे घेऊन टाक, २५६ काय वाईट आहेत? नंतर घालू आणखी.” त्यांना मी वहीवर भागाकार करून दाखवला. ४६० भागिले ३२, १५३ भागिले ३२. दादांनी दोन्ही उत्तरं बघितली आणि म्हणाले, “मग सोडू नको.”

शेवटी मी सेल्सला बाजूला ठेवलं आणि तांत्रिक विभागातल्या माणसाशीच बोलायचं म्हणून अडून बसलो. मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये एक तक्ता असतो, किती स्टिक असतील तर कोणत्या स्लॉटमध्ये लावायच्या याचा. ते पान त्याला पाठवलं. त्याने पान उघडलं आणि लगेच म्हणाला, “बरोबर आहे सर, १२ च पाहिजेत.” एका वाक्यात विषय संपला. जे काम पाच मिनिटांचं होतं, त्यासाठी आमच्या ऑफ-सीझनचा चांगला तुकडा खाल्ला गेला. याचा मला अजून संताप आहे.

आमच्या पीओमध्ये (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) शेवटी गेलेली ओळ जशीच्या तशी देतो, उचलून वापरा: ‘१६ जीबी डीडीआर५-४८०० ईसीसी रजिस्टर्ड, १२ नग, बाराही चॅनल भरलेले, वेगळी रचना आल्यास माल परत.’ ईसीसी म्हणजे डेटातल्या चुका स्वतः दुरुस्त करणारी, रजिस्टर्ड म्हणजे सर्व्हरसाठीची रॅम. ‘रजिस्टर्ड’ हा शब्द गाळू नका. एपिकला तीच लागते, आणि ७००० मालिकेच्या थ्रेडरिपरलाही. साध्या डेस्कटॉपची डीडीआर५ चालत नाही.

माल आल्यावर पैसे देण्याआधी झाकण उघडून स्टिक मोजा. मग लिनक्सवर डीएमआयडीकोड ही कमांड चालवा, कोणत्या स्लॉटमध्ये काय आणि किती वेगाने चाललंय ते दिसतं. नंतर रॅमचा वेग मोजणारी स्ट्रीम नावाची मोफत चाचणी लावा. आमच्याकडे आकडा सेकंदाला साडेतीनशे जीबीच्या पुढे गेला तेव्हा मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. रॅमचं ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो) चालू असतं, घाबरून बटण दाबू नका.

बायॉसमध्ये (बोर्डच्या सेटिंगमध्ये) एनपीएस, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम किती गटांत वाटायचे ते, चार करून बघा, आणि एसएमटी, म्हणजे एका कोअरवर दोन थ्रेड चालवणं, बंद करून. सीएफडीला ३२ खरे कोअर पुरतात, ६४ थ्रेडचा उपयोग नाही. आमच्या केसेस अशा जास्त वेगाने सुटल्या. तुमच्या कामाचं तुम्ही मोजा.

मित्राचं थ्रीडी रेंडरिंगचं काम आहे, इमारतींचं. त्याला मी उलट सल्ला दिला: थ्रेडरिपरच घे. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कोअर आपापला तुकडा रंगवत बसतो, रॅमकडे फार धावत नाही, आणि जास्त क्लॉक सरळ कामी येतो. तिथे ६४ कोअरचे पैसे वसूल होतात.

एक राहिलंच. सेकंडहँड एपिक स्वस्त दिसला तर आधी विचारा तो कोणत्या कंपनीच्या सर्व्हरमधून काढलाय. काही कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये प्लॅटफॉर्म सिक्युअर बूट चालू असतो. त्यात एकदा चाललेला प्रोसेसर कायमचा त्या कंपनीच्या बोर्डाशी बांधला जातो, दुसऱ्या कंपनीच्या बोर्डवर बूटच (चालूच) होत नाही, आणि ते उलटवता येत नाही. विकणाऱ्याकडून ‘लॉक नाही’ असं लेखी घ्या, आणि तुमच्याच बोर्डवर चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.