बाहेरचे

मागच्या रविवारी परळमधल्या एका शाळेच्या वर्गात आमच्या ग्रामस्थ मंडळाची सभा होती. बाकं तिसरीतल्या मुलांच्या मापाची, त्यामुळे सगळे काका लोक गुडघे हनुवटीला लावून बसलेले. बाहेर पाऊस कोसळत होता, तेव्हा पहिली दहा मिनिटं हिंदमाताला पाणी भरलंय का यातच गेली. विषयपत्रिकेवर तिसरा विषय, 'रिफायनरीबाबत मंडळाची भूमिका', म्हणजे आमच्या राजापूर तालुक्यात आधी नाणारला आणि मग बारसूला आणायच्या ठरलेल्या तेलशुद्धीकरण कारखान्याबाबत. मी हात वर केला. दोन वाक्यं झाली नसतील, तोवर गावाहून आलेला एक पंचविशीतला मुलगा उठला. आमच्याच भावकीतला, माझ्या चुलत चुलत्याचा नातू. म्हणाला, "काका, तुम्ही आता बाहेरचे. तुम्ही यात नका पडू."

आधी 'काका' लागलं, कारण मी चाळिशीचा आहे. 'बाहेरचे' लागायला जरा वेळ गेला. ते घरी येताना लालबागच्या पुलाखाली लागलं.

पोर्तुगालमधल्या पोर्तोत मला सहा वर्षं झाली. तिथे 'द फोरा', म्हणजे बाहेरचा, हा शब्द रोजचाच. दुकानात, बसमध्ये, घर भाड्याने शोधताना. तिथे तो टोचत नाही, कारण तिथे मी आहेच बाहेरचा. गंमत अशी की तिथल्या एका गावात बाहेरचा असूनही मला बोलू दिलं गेलं, आणि जिथल्या सातबाऱ्यावर माझं नाव आहे तिथे बसवलं गेलं. ही गंमत मी सभेत सांगणार होतो. आता तुम्हाला सांगतो.

ते गाव म्हणजे कोवाश दु बार्रोझू. पोर्तोहून गाडीने दीड-दोन तास, पोर्तुगालच्या उत्तरेला डोंगरात. शे-दोनशे वस्ती, त्यातली निम्मी सत्तरीच्या पुढची. लांब वळलेल्या शिंगांच्या तांबूस गाई, दगडी कोठारं, आणि गावाची मिळून एक भाकरीची भट्टी. ऑफिसातल्या मैत्रिणीची आजी तिथे राहते. (पाव, चावी, पगार या पोर्तुगीजमधून मराठीत आलेल्या शब्दांवर मी एकदा सविस्तर लिहिलंय, परत नको. एवढंच सांगतो की पहिल्या भेटीत आजीने टोपली पुढे करून 'बताता' म्हटलं, मी 'बटाटा' म्हटलं आणि मला पोर्तुगीज येतं असा तिचा कायमचा समज झाला.)

तर या गावाच्या डोंगरात लिथियम आहे. मोबाइल आणि विजेच्या गाड्यांच्या बॅटरीत लागतं ते. लंडनच्या एका कंपनीला तिथे उघडी खाण काढायची आहे. ज्या डोंगरावर ती काढायची त्यातला बराचसा 'बाल्दिउ' आहे, म्हणजे गावाची सामाईक जमीन. आपलं गायरान समजा, त्यात देवरहाटीची थोडी माया मिसळलेली. हुकूमशहा सालाझारच्या काळात सरकारने या जमिनी घेऊन पाइन लावले. १९७४ च्या क्रांतीनंतर, १९७६ च्या कायद्याने त्या गावांना परत मिळाल्या. आजीला ते दिवस आठवतात. म्हणून 'परत नेणार' असं कोणी म्हटलं की ती हातातलं विळीसारखं पातं खाली ठेवते आणि मगच बोलते.

२०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने या बार्रोझू भागाच्या शेतीपद्धतीला जागतिक वारशाचा दर्जा दिला. २०२३ च्या मे महिन्यात त्याच भागातल्या खाणीला सरकारी पर्यावरण संस्थेची सशर्त मान्यता मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात लिथियम आणि हायड्रोजनच्या परवान्यांची चौकशी पंतप्रधानांच्या कार्यालयापर्यंत पोचली आणि अंतोनियो कोश्ता यांनी राजीनामा दिला. आपल्याकडे खाणीपायी पंतप्रधान जाईल का, असं मी तेव्हा फुशारकीने आईला फोनवर विचारलं होतं. खाण मात्र गेली नाही. मार्च २०२५ मध्ये युरोपियन युनियनने ती आपल्या ४७ 'धोरणात्मक' प्रकल्पांच्या यादीत घातली. आपल्या कोकणातल्या कातळशिल्पांचं वेगळं काय झालं? बारसूच्या सड्यावरची शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, आणि पुढच्याच एप्रिलात सड्यावर ड्रिलिंगची मशिनं चढली.

आता मुद्द्याची गोष्ट. कोवाशमध्ये विरोधाला उभे आहेत ते फक्त गावकरी नाहीत. शेजारच्या खोऱ्यात पडकं घर घेऊन बकऱ्या पाळणारं एक डच जोडपं आहे, एक निवृत्त इंग्लिश मास्तरीण आहे, दोन जर्मन मुलं आहेत, ती काय करतात ते मला अजून कळलेलं नाही. आणि ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या नंबरप्लेटच्या गाड्या. १९६० च्या दशकात या डोंगरांतली माणसं फ्रान्सला बांधकामावर गेली. त्यांची मुलं-नातवंडं ऑगस्टात गावी येतात, बंद घरं उघडतात, जाळ्या झाडतात, मोठ्याने बोलतात, गाव कसं सुधारायला हवं ते सांगतात आणि महिन्याने कुलूप लावून जातात. वाचताना कोणाची आठवण झाली ते सांगायला नको. गौरी-गणपतीत आमच्या आळीत यापेक्षा निराळं काही घडत नाही. खाणविरोधी शिबिरंही ऑगस्टातच भरतात.

मला सगळ्यांत आवडली ती त्यांची सभा. तिच्याबद्दल जरा जास्तच लिहिणार आहे, सहन करा. बाल्दिउची सभा ही कायद्याने ठरलेली गोष्ट आहे. तिथे मत गावात राहणाऱ्याला. फ्रान्समधल्या मुलाला, भले घर त्याच्या बापाचं असो, आपोआप मत नाही. डच जोडप्याला नाही, कारण ते पलीकडच्या खोऱ्यातले. आम्ही सगळे मागच्या भिंतीला लागून उभे. पुढे खुर्च्यांवर चाळीस म्हातारी माणसं, कोणाच्या हातात टोपी, कोणाच्या हातात काठी. मतदान हात वर करून. मोजणाऱ्या बाईंनी दोनदा मोजलं, कारण एका आजोबांचा हात खाली आला होता, तो दुखून आला की मत बदलून, हे त्यांना विचारून घेतलं. मग अध्यक्ष मागे वळून म्हणाले, आता भिंतीवाले बोला. आणि भिंतीवाले बोलले. इंग्लिश मास्तरणीने कंपनीच्या इंग्रजी अहवालातली पाण्याची दोन पानं वाचून दाखवली, आजीच्या नातीने भाषांतर केलं. जर्मन मुलांनी सरकारी पोर्टलवर हरकत कशी नोंदवायची ते मोबाइलवर दाखवलं. माझ्याकडे वळले तेव्हा मी तुटक्या पोर्तुगीजमध्ये म्हणालो की आमच्याकडेही असंच आहे, समुद्राजवळ, तेलाचं. कोणीतरी विचारलं, तुमच्याकडे मत कोणाला? मी उत्तर जुळवेपर्यंत पुढचा विषय आला.

उत्तर असं आहे. ग्रामसभेत मत गावच्या मतदारयादीतल्यांना. गावोगावच्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केलेच होते. पण जमिनीचा पैसा ज्याचं नाव सातबाऱ्यावर त्याला. आमच्या सातबाऱ्यावर ३१ नावं आहेत. त्यांतले गावात राहतात चार. बाकी लालबाग, डोंबिवली, नालासोपारा, एक सुरत आणि एक मी. म्हणजे नांगर ज्याच्या हातात तो चार जणांत आणि विकायचा हक्क सत्तावीस जणांकडे. नाणारची अधिसूचना मे २०१७ मध्ये निघाली तेव्हा घरात पहिला प्रश्न आला तो 'गुंठ्याला किती?' हाच. वर्षाला ६ कोटी टन तेल शुद्ध करणारा कारखाना म्हणजे काय, हे विचारणारी एकटी माझी आत्या होती, तीही कलमं मोजत. मार्च २०१९ मध्ये अधिसूचना रद्द झाली तेव्हा आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फटाक्यांची चित्रं आली आणि त्याखाली एका काकांचं, 'चला, गेले पैसे.'

पण हे मी कोवाशमध्ये सांगितलं नाही. तिथे मी कोकणाचं वर्णन देवभूमी म्हणूनच करतो.

'बाहेरचे' या शब्दाची मला चीड का आहे तेही सांगून टाकतो. बारसूत एप्रिल २०२३ मध्ये बायका भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या, तेव्हा सांगितलं गेलं की आंदोलनात बाहेरची माणसं घुसलीत. कोवाशमध्येही हेच ऐकू येतं, की म्हातारे साधे आहेत, परदेशी लोक त्यांना भडकवतात. आता बघा. रिफायनरीतले परदेशी भागीदार धाहरान आणि अबू धाबीचे, खाणीची कंपनी लंडनची. ते बाहेरचे नाहीत, ते गुंतवणूकदार. बकऱ्या पाळणारा डच बाहेरचा, आणि सड्यावर आलेला मुंबईकर चाकरमानी बाहेरचा. पैसा घेऊन येणाऱ्याला कोणी गाव विचारत नाही. हे मी सभेत म्हणणार होतो, फार चांगलं वाक्य झालं असतं.

तर तो मुलगा. सभा संपल्यावर चहाला मी त्याला गाठलं. म्हटलं, अरे, मी विरोधातच बोलणार होतो. तो म्हणाला, "माहितीय. पण काका, बायकांना गाडीत कोंबत होते तेव्हा मी ग्रुपवर व्हिडिओ टाकला होता. तुम्ही अंगठा दाखवलात." कप खाली ठेवून त्याने अंगठा करूनही दाखवला, मला समजलं नसेल तर म्हणून.

खरं आहे. दाखवला होता. तेव्हा पोर्तोत सकाळ होती आणि मी कामावर निघालो होतो. माझी बाजू अशी की त्या वर्षीची रजा संपली होती, तिकिटाचे दर ठाऊकच आहेत, शिवाय तिथे जाऊन मी केलं तरी काय असतं? पोलिसांच्या गाडीत आणखी एक. त्याच वर्षीच्या ऑगस्टात मात्र मी कोवाशच्या मोर्चात पोस्टर धरून उभा होतो, 'नाऊं आ मिना, सीं आ विदा', खाण नको, जीव हवा. शनिवार होता, रजा लागली नाही. फोटोही आहे. तो मी कौटुंबिक ग्रुपवर टाकला होता. आता वाटतं, टाकायला नको होता.

अजून एक कबुली. मी ज्या कंपनीत काम करतो ती विजेच्या गाड्यांच्या चार्जिंगचं सॉफ्टवेअर बनवते. लिथियम नसेल तर माझा पगार नाही. आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग गाडी कमी चालव. प्रश्न तिच्यापुरता मिटला. माझ्यापुरता मिटलेला नाही, पण गाडी लागतेच, कोवाशला जायला बस फार कमी.

बाबांशी बोलणं रात्री झालं. ते रिफायनरीच्या बाजूचे, पहिल्यापासून. १९७१ मध्ये राजापूरहून एसटीने येऊन ते गिरणीत बदली कामगार म्हणून लागले, १८ जानेवारी १९८२ ला संपावर गेले, आणि तो संप संपला असं त्यांना अजून कोणी अधिकृतपणे कळवलेलं नाही. त्यांच्या गिरणीच्या जागेवर आज जो टॉवर आहे त्याच्या लॉबीत संध्याकाळी निळा दिवा लागतो, तो आमच्या खिडकीतून दिसतो. "गावात काम असतं," ते म्हणाले, "तर मी इथे आलो नसतो. तू तिथे गेला नसतास. आणि तो पोरगा परवा चहा पिऊन नोकरीसाठी बायोडेटा देऊन गेला नसता."

"बायोडेटा? कोणाला?"

"मला. म्हणाला, तुमच्या ओळखीत कुठे मुंबईत बघा."

मी काही बोललो नाही. कोवाशमध्येही तरुण नाहीत, हे मला ठाऊक आहे. खाण नाही म्हणून ते गेले असं नाही, ते खाणीचं नाव निघायच्या कितीतरी आधी गेले. पण गेले. सभेतले ते चाळीस हात मी एवढ्या कौतुकाने सांगितले, त्यातला एकही पन्नाशीच्या आतला नव्हता, हे वर लिहायचं राहिलं.

सभेचं उरलेलं सांगतो. रिफायनरीच्या विषयाला पंधरा मिनिटं मिळाली. 'मंडळ गावकऱ्यांच्या पाठीशी आहे' असा ठराव झाला, कोणत्या गावकऱ्यांच्या ते लिहिलं नाही. पुढचा तास गणपतीच्या एसटीवर गेला. एक गाडी पुरेल की दोन, परळहून सुटावी की भांडुपहून, सामूहिक आरक्षणाचे पैसे आधी भरायचे कोणी. या विषयावर मात्र प्रत्येक जण बोलला, बाहेरचा-आतला कोणी काढला नाही. चिटणीस काका वही घेऊन एकेका बाकापाशी येत होते. माझ्यापाशी आले.

"तुझी सीट धरू?"

मी म्हटलं, काका, रजा पुढच्या आठवड्यात संपते.

"बरं," म्हणाले, आणि माझ्या नावापुढे फुली मारून मागच्या बाकाकडे वळले.